दाजींचं गच्चीवरचं गणगोत

फोन आला तेव्हा मी द्राक्षबागेत होतो आणि हातात कात्री होती. आमच्या तासगाव भागात ऑक्टोबर छाटणीचे दिवस म्हणजे घरात कार्य निघाल्यासारखी गडबड. फोन वाजला की तो मजुरांच्या गाडीवाल्याचा, नाहीतर औषधाच्या दुकानदाराचा. हा पुण्याहून भाच्याचा, विक्रमचा होता. "मामा, पप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. दाजी नेहमीप्रमाणे सकाळी साताऱ्याच्या घराच्या गच्चीवर झाडांना पाणी घालून खाली आले, खुर्चीत बसले, आक्कानं चहा आणेपर्यंत... चहा तसाच राहिला. मी बागेतून तसाच निघालो. आक्काच्या दारात गाडीतून उतरताना मांडीला काहीतरी टोचलं तेव्हा कळलं, कात्री खिशातच राहिली होती. दाजींना हे कळलं असतं तर ते म्हणाले असते, "पाव्हणं, मयताला बी माझी झाडं छाटायच्याच इराद्यानं आलासा व्हय?" अशा वेळी हसू यावं हे बरं नव्हे, पण मला आलं. त्यांच्या बाबतीत ते कायमच येत असे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीपलीकडच्या एका वाडीचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. दाजी फौजेत गेले, नायब सुभेदार होऊन परतले, साताऱ्यात घर बांधलं आणि पुढं काही वर्षं शिरवळच्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम पाहिलं. आमच्याकडं दाजी आणि मेव्हणा हे नातं थट्टेचंच. दाजींनी मेव्हण्याला दोन शब्द सुनावले नाहीत तर दोघांचं काहीतरी बिनसलंय असं लोक धरून चालतात. आमचं चाळीस वर्षांत कधी बिनसलं नाही, यावरून मी काय काय ऐकून घेतलं असेल याची कल्पना यावी.

गच्चीवर त्यांनी जे मांडलं होतं त्याला बाग म्हणायला माझी जीभ रेटत नसे. मोरपंखी, जुनिपर, सायप्रस, सगळी सुईसारख्या नाहीतर खवल्यांसारख्या पानांची डोंगरी जात, त्यातही मुळातच ठेंगणी. पंधरा वर्षं कुंडीत ठेवली तरी कमरेच्या वर न जाणारी. दाजींची काही वर्षं बर्फाळ डोंगरांत गेली होती. तिथं उंचावर वाऱ्यानं आणि बर्फानं दाबून टाकलेली झाडं त्यांनी पाहिली होती. "गुडघ्याएवढं झाड," ते सांगायचे, "आन् वय माज्या आज्ज्याएवढं. वर बर्फ पडतंय, खाली दगूड, पर गडी हिरवा तो हिरवा." ज्या माणसानं बालपणी बाभूळ आणि बोर यांपलीकडं झाड पाहिलं नव्हतं त्याला त्या हिरव्याचं वेड लागलं तर नवल नाही. पण मी पडलो द्राक्षवाला. जे झाड माल देत नाही ते माझ्या लेखी झाडच नाही. पहिल्यांदा ती गच्ची पाहिली तेव्हा मी विचारलं होतं की याला फळ काय येतं. काही नाही. फूल? तेही नाही. सावली? "मुंगीला पुरती." मग याचा उपयोग काय, असं मी म्हणालो आणि फसलो. "पाव्हणं, तुमचा तरी काय उपेग हाय? पर आमी दर वर्साला जेवायला घालतोच की."

त्यांना हे सगळं पहिल्यापासून येत होतं असं मात्र समजू नका. दाजींइतकी झाडं मारलेला माणूस सातारा शहरात दुसरा नसेल. रजेवर येताना ट्रंकेत घालून आणलेला देवदार आठवड्यात गेला. नंतर नर्सरीतून चांगली डझनभर रोपं आणली आणि त्यांना गावाकडून पोतं भरून लेंडीखत आणून घातलं. मेंढपाळाच्या घरात लेंडीखत हे प्रत्येक दुखण्यावरचं औषध. ही झाडं तर अगदी कमी खाणारी. त्या खतानं मुळं जळून गेली. आणि खरी गंमत पुढंच आहे. ही जात मेली तरी महिना-दीड महिना हिरवीच दिसते. दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला मिशीवर हात फिरवत गच्चीवर नेत होते, बघा माणच्या लेंडीखताची करामत म्हणून दाखवत होते, आणि ती सगळी कधीच मेलेली होती! मग एका आठवड्यात सगळी गच्ची तपकिरी झाली. शेजाऱ्यांनी बरेच दिवस त्यांना वर काय चाललंय म्हणून विचारलं.

तेव्हापासून दाजींनी दिसण्यावर विश्वास ठेवणं सोडलं. उजव्या अंगठ्याचं नख ते थोडं वाढवून ठेवायचे. फांदीची साल नखानं जराशी खरवडायची. आत ओलं हिरवं दिसलं तर झाड जिवंत, तपकिरी दिसलं तर खेळ संपला. त्या नखाखाली कायम एक हिरवी रेघ असायची आणि जेवायला बसताना ती आक्काच्या डोळ्यांत खुपायची. "आवं, आदी हात धुवा," असं ती म्हणायची. "धुतलाय गं. ते जात न्हाई," असं ते म्हणायचे आणि भाकरी मोडायचे. मी त्यांच्या घरी जेवलो आणि हे संभाषण झालं नाही असं कधी घडलं नाही.

दुसरी गोष्ट त्यांना उमगली ती मातीची. या झाडांना पाण्याचा राग नाही, साचलेल्या पाण्याचा आहे. आमच्याकडची काळी माती कुंडीत भरली की मुळं गुदमरलीच. आणि जिथं पाणी क्षणभर थांबत नाही असा मुरूम कुठं मिळतो, तर दाजींच्या माणमधल्या माळावर. ज्या जमिनीनं त्यांच्या बापाला कधी धड ज्वारी दिली नाही, तीच जमीन या शौकाला अशी लागू पडली. मग दर खेपेला गावाहून येताना एक पोतं मुरूम एसटीत. कंडक्टरनं विचारायचं की आजोबा, पोत्यात काय आहे. दाजींनी सांगायचं, जमीन. आणि मग सामानाच्या तिकिटावरून दहिवडीपासून साताऱ्यापर्यंत वाद. गावाकडचे लोक म्हणायचे, सुभेदाराला पेन्शन मिळते तरी दगडं वाहतोय.

पण गच्चीची खरी मजा नावांत होती. प्रत्येक झाडाला एकेका नातेवाइकाचं नाव. पाटी नाही, काही नाही, नुसतं तोंडी. एक गोल, बुटकी मोरपंखी होती, ती मी. येईल त्याला दाखवायचे, "हे आमचं सांगलीचं पाव्हणं. खाली बी गोल, वर बी गोल." हात लावला की टोचणारं एक जुनिपर होतं, ते त्यांचे थोरले बंधू, वाडीचे दादा. कुंडीच्या काठावरून आडवं पसरत शेजारच्या कुंडीत घुसणारं झाड म्हणजे धाकटी बहीण, कारण ती दोन दिवसांसाठी येते आणि महिनाभर मुक्काम करते. सरळसोट, काडीसारखा, त्यातल्या त्यात उंच सायप्रस म्हणजे विक्रम. माझ्या बायकोचंही एक होतं, त्याच्याबद्दल दाजी जे बोलायचे ते मी इथं लिहिणार नाही, मला याच घरात राहायचं आहे. फोनवर आधी झाडाची खुशाली सांगायचे, मग माणसाची विचारायचे. गणपतीत शेवटचं भेटलो तेव्हा कुंडी फिरवून मला दाखवत म्हणाले होते, "कंबर लय वाढाय लागलीय पाव्हणं. छाटू का राहू दे?" मी म्हणालो, राहू द्या. ते बोलणं तिथंच राहिलं.

फक्त आक्काचं झाड नव्हतं. तिनं यावरून अनेकदा लटकी तक्रार केली होती, की सासर-माहेरचे सगळे गच्चीवर आहेत आणि मलाच तेवढं खाली ठेवलंय. त्यावर दाजी तिच्याकडं न पाहता कात्री पुसत म्हणायचे, "तुज्यावर कातर चालवायचं धाडस फौजेत बी शिकवत न्हाईत."

तर असे दाजी गेले. आणि मग त्या तेरा दिवसांत आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं ते आमच्याच लोकांना सुचू शकतं. माणकडची माणसं आली, आमच्याकडची आली. येणारा प्रत्येक जण जिना चढून गच्चीवर जायचा, आपलं झाड शोधायचा आणि त्याला तांब्याभर पाणी घालायचा. दुष्काळी मुलखातल्या माणसाला प्रेम दाखवायचं तर पाण्यावाचून दुसरी वस्तू ठाऊक नाही. वाडीच्या दादांनी तर डोळे पुसत आपल्या जुनिपरला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. मी घातलं, माझ्या बायकोनं घातलं, शिवाय माझ्या झाडाला "हे सांगलीवाल्यांचं" म्हणून इतरांनीही घातलं. गच्चीवर पंगतीचा मांडव होता. ओघळ जेवणाच्या पानांखाली यायला नको म्हणून कुणा नीटनेटक्या बाईनं प्रत्येक कुंडीखाली प्लॅस्टिकची थाळी ठेवली. परतीचा पाऊसही त्याच आठवड्यात आला. थाळ्या भरल्या आणि कुंड्या पाण्यात उभ्या राहिल्या. तेरावं झालं, माणसं पांगली, मग शेजारपाजारचे रोज सकाळी वर जाऊन पाणी घालू लागले. सगळ्यांनी अगदी मनापासून घातलं.

आक्का वर गेलीच नाही. तिच्यानं तो जिना चढवेना.

भाऊबीजेला मी साताऱ्याला गेलो. त्या वर्षी ओवाळणी नव्हती, पण बहिणीच्या घरी त्या दिवशी भावानं असायला हवं. विक्रम आणि सूनबाईही पुण्याहून आली होती. घर नेहमीसारखंच होतं. दाजींची चप्पल दाराशी, स्वेटर खुंटीला. आक्काही बरी दिसत होती. वेळेवर जेवायची, आल्यागेल्याशी बोलायची. विक्रम मला हळूच म्हणाला की आई चांगली सावरलीय, तेव्हा आता तिला पुण्याला न्यावं. त्याचंही काही चुकत नव्हतं. एकटी आई, दोन मजली घर, रात्री-अपरात्री काही झालं तर? पण मी आक्काला लहानपणापासून ओळखतो. ती एकदाही रडली नव्हती आणि एकदाही हसली नव्हती. इतकी वर्षं दाजींच्या गच्चीवर काढल्यावर नुसत्या हिरव्या दिसण्यावर माझाही भरवसा उरला नव्हता.

जेवणानंतर विक्रमनं विषय काढला. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माज्या मागं वर येवडी मानसं हायती. त्येंना कुनाच्या भरवशावर टाकू?" विक्रम म्हणाला की शेजारी बघतील, झाडं हिरवीगार आहेत, आत्ताच बघून आलो. ते ऐकल्याबरोबर आक्का उठली आणि दाजी गेल्यावर महिन्याभरानं पहिल्यांदा जिना चढली. मी मागोमाग. तिनं पहिली थाळी पाहिली, बोट मातीत घातलं, वास घेतला. आंबूस वास येत होता. सगळी झाडं हिरवीगार होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

ती तिथंच कठड्याला टेकून म्हणाली, "विक्रम, ही जगली तर मी हितं ऱ्हाईन. मेली तर तू म्हनशील तितं येते, एक सबुद बोलनार न्हाई." विक्रमला डिसेंबरच्या शेवटी रजा होती. तोवर थांबायचं ठरलं. खरं सांगतो, मला त्या क्षणी माझ्या पाच एकर बागेपेक्षा त्या बिनफळाच्या झाडांची जास्त काळजी वाटली.

मी वाडीच्या दादांना फोन लावला. झाडं पाण्यानं बुडाली हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेम्पोच घेऊन आले, त्यात माळावरचा मुरूम. आक्का, दादा आणि मी, तिघांनी एकेक झाड कुंडीतून काढलं, चिखल धुतला, काळी पडलेली मुळं कापली, मुरमात पुन्हा लावलं आणि थाळ्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. माझी कात्री शेवटी त्या गच्चीवर चाललीच. नखानं बघू का, असं मी विचारलं तर आक्का म्हणाली, "नगं. आत्ता नगं." ती घाबरली होती. मीही आग्रह केला नाही.

मग वाट पाहणं. मी दर आठवड्याला फोन करायचो आणि आक्का बातमी द्यायची, अगदी दाजींच्या पद्धतीनं, आधी झाडं. विक्रमचं शेंड्याकडून करपायला लागलंय. दादांचं तसंच आहे. धाकट्या वन्संचं एक अंग पिवळं पडलंय. पाव्हणं मात्र हिरवंगार. मी सुखावायचो. डिसेंबरात जवळच्या शाळेच्या बाई नाताळासाठी एक कुंडी मागायला आल्या. दाजी दरवर्षी देत, "पानी घालायचं न्हाई" या एका अटीवर. आक्कानं या वर्षी नाही म्हणून सांगितलं. पेशंट आहेत म्हणाली.

डिसेंबरच्या शेवटी विक्रम गाडी घेऊन आला, मीही तासगावहून पोचलो. सकाळी आम्ही तिघं वर गेलो. थंडी छान पडली होती, समोर अजिंक्यताऱ्यावर ऊन आलं होतं. काही झाडं करपली होती, काही हिरवी होती, आणि त्यातलं खरंच जिवंत कोण आहे हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आक्का सरळ माझ्या मोरपंखीकडं गेली. सगळ्यांत हिरवी तीच होती, म्हणून तिनं तिथून सुरुवात केली असावी. तिनं हात पुढं केला तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिनं अंगठ्याचं नख वाढवलं होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. तिनं साल खरवडली. आत तपकिरी. खाली खरवडली. तपकिरी. पार बुंध्यापाशी खरवडली... तिथंही तेच.

ती त्या झाडाकडं पाहत राहिली, मग माझ्याकडं पाहिलं, पुन्हा झाडाकडं. "दिलीप," ती म्हणाली, "तू तर कवाच गेलास रं." आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावला तरी हसू थांबेना. विक्रम हसला, मीही हसलो. स्वतःच्या मरणावर इतकं हसायची संधी फार थोड्यांना मिळते. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मात्र बराच वेळ थांबलं नाही. आम्ही ते थांबवायला गेलो नाही. ती रडली याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मग डोळे पुसून ती पुढं सरकली. दादांचं जुनिपर हिरवं. ते मरणार नव्हतंच, टोचऱ्या माणसांना काही होत नाही. माझ्या बायकोचं हिरवं. धाकट्या वन्संचं मेलेलं. सगळ्यात शेवटी ती विक्रमच्या सायप्रसपाशी थांबली. अर्धा करपलेला, काडीसारखा. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "तुजं तू बग," ती त्याला म्हणाली. त्यानं प्रयत्न केला, पण त्याची नखं शहरी, अगदी कापलेली. साल नुसती घासली गेली. शेवटी आक्कानंच डोळे बारीक करून खरवडलं. आत ओलं, कोवळं हिरवं होतं, आणि त्याचा तो राळेचा वास आला.

विक्रम वाकून ते बघत राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "उन्हाळ्यात वर शेडनेट कोण बांधणार?"

"तू येशील की बांधाय," आक्का म्हणाली.

तो बरं म्हणाला. पुण्याचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. खाली उतरताना आक्का मला म्हणाली की तुझी कुंडी रिकामी ठेवते, पुढच्या खेपेला नवं आण आणि या वेळी जरा बारीक बघून आण. आणि दोन पायऱ्या उतरल्यावर थांबून म्हणाली, "माज्या नावाचं झाड त्येंनी ठेवलं न्हाई ते बरं केलं. न्हाईतर तुमी समद्यांनी मिळून मला बी बुडवलं असतं."

दुपारी आम्ही जेवायला बसलो. दाजींची जागा भिंतीकडची, तिथं विक्रम बसला. आक्कानं भाकरी वाढली, आपलं ताट घेतलं. ती घास मोडायला लागली तेव्हा मला तिचा अंगठा दिसला आणि काही कळायच्या आत माझ्या तोंडून तिचंच जुनं वाक्य गेलं, "आक्का, आदी हात धू."

तिनं नखाकडं पाहिलं, आणि भाकरी मोडत म्हणाली, "धुतलाय रं. ते जात न्हाई."